शब्दचर्चा : ‘मूल ऊती’, ‘जलवाहिनी’ आणि ‘स्थायी ऊती’

शंका : वनस्पतिशास्त्रात ठरावीक काम मिळून करणाऱ्या पेशींच्या समूहाला ‘ऊती’ किंवा ‘ऊतक’ म्हणतात. या दोन शब्दांच्या अर्थांत काही फरक आहे का? ‘मूल ऊती’ म्हणजे मुळांमध्ये असणारी ऊती असे समजावे का? मुळांतील पाणी वर नेणाऱ्या ऊतीसाठी ‘जलवाहिनी’ आणि ‘प्रकाष्ठ’ यांपैकी कोणता शब्द अधिक योग्य?

उत्तर : ‘ऊती’ आणि ‘ऊतक’ यांच्या अर्थांत फरक नाही. शालेय पुस्तकांत ‘ऊती’ रुळला आहे आणि विश्वकोशाच्या परंपरेत ‘ऊतक’ आढळतो. दोन्हींच्या मुळाशी विणणे या अर्थाचा संस्कृत धातू आहे व आपल्या नेहमीच्या ‘ओतप्रोत’ या शब्दातही तोच आहे. ही प्रतिमा वनस्पतींना फार पूर्वी लावली गेली : नेहेमाया ग्रू या इंग्रज अभ्यासकाने 1682 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वनस्पतीच्या अंतर्रचनेची तुलना विणल्या जाणाऱ्या लेसशी केली होती.

‘मूल ऊती’चा मुळांशी विशेष संबंध नाही. येथे ‘मूल’ म्हणजे पायाभूत, मूळची. पातळ भित्तिकांच्या जिवंत पेशींची ही ऊती खोड, पान, फळ, मूळ अशी सर्वत्र असते. बटाट्यातील पिष्ठ तिच्यातच साठते आणि आंब्याचा गर हीच ऊती असतो. विश्वकोशातील ‘मृदूतक’ हा शब्द पेशींचा मऊपणा सांगतो, म्हणून मला तो अधिक बोलका वाटतो. पेरू खाताना मऊ गरात दाताखाली जे बारीक खडे येतात, ते मात्र लिग्निनने (पेशींच्या भित्तिका टणक करणाऱ्या द्रव्याने) कठीण झालेल्या दृढ पेशींचे पुंजके होत. मृदू आणि दृढ हा भेद तेथे एकाच घासात कळतो. ‘स्थूलकोन ऊती’ या नावाबद्दल वाद नसावा, कारण तिच्या पेशींच्या भित्तिका कोपऱ्यांशी जाड असतात. कोवळा देठ वाऱ्याने वाकतो पण सहसा मोडत नाही, तो मुख्यतः तिच्यामुळे.

खरा विचार करायला हवा तो ‘जलवाहिनी’चा. हा शब्द कार्य चटकन सांगतो, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु त्यामुळे विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर केवळ नळी येते, आणि या ऊतीत पोकळ वाहिकांबरोबर निमुळत्या टोकांच्या लांबट पेशी, आधार देणारे तंतू आणि अन्न साठवणाऱ्या जिवंत मृदू पेशीही असतात, हे मागे पडते. सागाचे लाकूड म्हणजे हीच ऊती, हे ‘जलवाहिनी’ या शब्दावरून कोणाच्या लक्षात येणार? जुन्या सागाच्या मधल्या गडद गाभ्यातून तर पाणी चढतही नाही. ते बाहेरच्या फिकट थरांतून चढते आणि गाभा झाडाला आधार देतो. ‘प्रकाष्ठ’ या शब्दात काष्ठ आहे, त्यामुळे लाकडाशी असलेले नाते त्यातून टिकते. ज्या ग्रीक शब्दावरून कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1858 मध्ये या ऊतीचे ‘झायलेम’ हे पाश्चात्त्य नाव घडवले, त्याचाही अर्थ लाकूड असाच आहे. शाळेत ‘जलवाहिनी’ राहू द्यावी, पण त्यापुढे ‘ऊती’ हा शब्द अवश्य जोडावा आणि वरच्या वर्गांत ‘प्रकाष्ठ’ शिकवावे, असे माझे मत आहे.

‘परिकाष्ठ’ म्हणजे शाळेतील ‘रसवाहिनी’. या शब्दाबद्दल मात्र मी इतका आग्रही नाही. काष्ठाभोवतीचे ते परिकाष्ठ, हा अर्थ बहुतेक वृक्षांना लागू पडतो. पण दुधी-भोपळ्याच्या वेलाच्या खोडात ही ऊती प्रकाष्ठाच्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही बाजूंना असते. पानात तयार झालेली शर्करा झाडभर पोहोचवणारी ऊती म्हणून ‘रसवाहिनी ऊती’ तेथे अधिक निर्दोष ठरते.

पुढील शंका : विभाजी ऊतीच्या पेशी विभागतात आणि स्थायी ऊतीच्या कधीच विभागत नाहीत, असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही. ‘स्थायी’ याचा अर्थ वाढ पुरी होऊन विशिष्ट कामावर स्थिरावलेली, एवढाच घ्यावा. वाहिका आणि पक्व दृढ पेशी बहुधा मृत असतात, त्या पुन्हा विभागत नाहीत. परंतु मृदूतकाच्या जिवंत पेशींमध्ये ती क्षमता शिल्लक असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टुअर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1958 मध्ये गाजराच्या रसवाहिनी ऊतीतील पेशींपासून संपूर्ण रोपे वाढवून दाखवली. केळीच्या ऊतिसंवर्धनात (टिश्यू कल्चरमध्ये) मात्र मुनव्याच्या टोकाची विभाजी ऊती घेतात, म्हणून ते उदाहरण येथे देऊ नये.

आणखी एक शंका : दृढ ऊतीच्या, म्हणजे कठीण भित्तिकांच्या पेशींच्या ऊतीच्या, तंतूंना बोलीत शब्द आहे का?

उत्तर : सर्व तंतूंना मिळून एक नाही, पण वस्तुपरत्वे आहेत. नारळाच्या सोडणातून निघतो तो काथ्या. अंबाडी, ताग किंवा घायपातीपासून काढतात तो वाख. यांपैकी अंबाडी व ताग यांचा वाख खोडाच्या सालीतून निघतो आणि तो रसवाहिनी ऊतीतील दृढ तंतूंचा असतो. घायपातीचा वाख पानांतून काढला जातो. पाठ्यपुस्तकात ‘तंतू’ या शब्दाशेजारी हे दोन्ही शब्द छापले, तर ‘दृढ ऊती’ची व्याख्या मुलांना वेगळी पाठ करावी लागणार नाही.