अनुभव हवेत: अडचणीत तुमच्या घराला कुणी हात दिला का?

जुलै २०२४ ला लाडकी बहीण सुरू झाली तेव्हापासून ऑफिसात, लग्नाकार्यात एकच वाद, आमच्या टॅक्सच्या पैशातून का म्हणून. मतं खूप ऐकली, इथे स्वतःच्या घरातलं लिहा. मी सुरुवात करते. बाबा गेले तेव्हा मी आठवीत, भाऊ तिसरीत. चुलत्यांनी पाठ फिरवली, पण कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी आमची उधारीची वही कधी बंद केली नाही, आईने शेवटची बाकी चुकती केली तेव्हा मी नोकरीला लागले होते. असे काका प्रत्येकाच्या कोपऱ्यावर नसतात, म्हणून मला वाटतं हे सरकारनेच करायला हवं.

---

माझं मत जरा वेगळं आहे. आमच्याकडे रोख पैसे आले की वडील प्यायचे, आईच्या हातात टिकायचेच नाहीत. आम्हाला जगवलं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या खिचडीने. मधल्या सुट्टीत धाकटीला अंगणवाडीतून आणून माझ्याच ताटात बसवायचो आणि बाई न बघितल्यासारखं करून एक डाव जास्त वाढायच्या. मदत द्या, पण पोराच्या पोटात जाईल अशी द्या.

---

मी पाच वर्षं दाखल्यांचे, योजनांचे फॉर्म भरून द्यायचो. संजय गांधी निराधारला तेव्हा अट होती कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, म्हणजे महिन्याला १७५०. आता दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा याच्या वर कमावते हो! मग खरं बोललं तर नाव कटणार आणि खोटं लिहिताना त्या बाईची मान खाली, हे रोज बघायचो.

---

आम्ही जर्मनीत आहोत. इथे किंडरगेल्ड म्हणून मुलामागे दर महिन्याला पैसे खात्यात येतात (२०२५ मध्ये २५५ युरो होते, त्याआधी २५०), डॉक्टरच्या मुलाला तेवढेच आणि सफाई कामगाराच्या मुलाला तेवढेच, त्यामुळे घेताना कुणाला कमीपणा वाटत नाही.

---

वरचं दाखल्यांचं वाचून राहवलं नाही. माझ्या बहिणीचे मिस्टर एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले, दोन मुली. बाल संगोपन योजनेबद्दल आम्हाला अंगणवाडीच्या ताईंकडून कळलं, एका मुलामागे महिन्याला तेव्हा ११०० होते, २०२३ पासून २२५० झाले. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, सगळं जमवलं, शिवाय मुलींना घेऊन घरासमोर उभं राहून काढलेला फोटो लागतो. तो मीच काढला. मोठीने विचारलं, मावशी, यात हसायचं का? मला काही सुचेना, म्हटलं तुला वाटेल तसं उभी राहा. पहिले पैसे आले त्यातून बहिणीने आधी शाळेच्या रिक्षावाल्या दादांची सहा महिन्यांची बाकी दिली, त्यांनी एक दिवस पण मुलींना खाली उतरवलं नव्हतं.