मदत हवी आहे: धावायला लागल्यापासून स्क्वॉट घसरलाय, कार्डिओ नक्की कसा बसवू?

नमस्कार मंडळी,

वय २९, राहणार डोंबिवली, नोकरी अंधेरीला (झोप किती होते हे विचारणार असाल तर उत्तर यातच आलं). सहा वर्षं वजनं मारतोय. जिल्हा पातळीवरच्या एका शरीरसौष्ठव स्पर्धेत ७० किलो गटात पहिल्यांदाच स्टेजवर उतरायचं ठरवलंय. बारा आठवड्यांचं कटिंग (म्हणजे खाणं कमी करून चरबी उतरवणं), त्यातले तीन संपले, नऊ उरले.

कार्डिओ, म्हणजे दमाचा व्यायाम, मी सहा वर्षांत केलाच नव्हता. मांड्या अशा की रेडीमेड जीन्स चढत नाही, पण स्टेशनचा पूल चढलो की वर जाऊन फोनवर बोलायची सोय नाही. एकदा दोन पिशव्यांवाल्या काकू मला मागे टाकून पुढे गेल्या, वर "बरं नाही का रे?" असंही विचारलं. शिवाय पोझिंगचा सराव सुरू केला तेव्हा कळलं की सगळं अंग आवळून मिनिटभर उभं राहणं हाही दमाचाच खेळ आहे.

म्हणून कटिंगसोबत धावणं सुरू केलं. सोमवार ते शुक्रवार, पहाटे रिकाम्या पोटी ६ किमी, साधारण ३६ मिनिटं. जिम रात्री साडेआठला. खाणं २८०० कॅलरीवरून २३००, प्रोटीन १६० ग्रॅम. वजन ७६.२ वरून ७३.४ वर आलं. इथपर्यंत खूश होतो.

आता वहीतले आकडे. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठका) १२० किलोला सलग ८ रेप निघायचे, ते आता ५. बेंच (छातीचा व्यायाम) ८५ ला ८ होते, अजून ८ च आहेत. रोइंगही (पाठीचा) जागेवर. घसरलेत ते फक्त पाय. लेग डे गुरुवारी असतो. गेल्या गुरुवारी तिसऱ्या सेटला खाली बसलो तो वर आलोच नाही. बार सेफ्टी रॉडवर टेकवून पुढून सरपटत बाहेर आलो, आणि अख्ख्या जिमला तेव्हाच नेमकी गाणी बदलायची होती.

आमचे सर म्हणतात, "धावणं आजपासून बंद, मसल जळतोय." शेजारच्या तालमीतले एक बुजुर्ग म्हणतात की आम्ही पहाटे धावून येऊन मग बैठका मारायचो, तुमची पिढीच नाजूक. तिसऱ्या एकाने लॉकर रूममध्ये हळूच चरबी उतरवायच्या 'क्लेन'च्या (क्लेनब्युटेरॉल) गोळ्या पुढे केल्या, की कार्डिओची गरजच नाही. त्या नाकारल्यात.

मला दम हवाय, चरबी उतरवायची आहे आणि मांड्या घालवायच्या नाहीत. धावणं सोडू, कमी करू, की वेळ बदलू? जाणकारांनी सांगावं.

अर्धा_स्क्वॉट: मीही याच बोटीत. वाचतोय.

ताकवाला: दादा, दोष धावण्याला देण्याआधी हिशोब बघा. धावताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला ढोबळमानाने एक कॅलरी जाते. तुमचे ६ किमी म्हणजे साडेचारशेच्या आसपास. खाण्यातून ५०० आधीच काढलेत. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस साडेनऊशेची तूट! तीन आठवड्यांत २.८ किलो गेले, आठवड्याला ०.९ हून जास्त. स्पर्धेसाठी उतरताना आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का हा वेग ठीक समजतात, तुम्ही त्याच्या वर आहात. (पहिल्या आठवड्यात पाणीही जातं, ते सोडून द्या.) आणि घाई कशाला? ३.४ किलो उरलेत आणि नऊ आठवडे आहेत. आठवड्याला ४०० ग्रॅमही लागत नाहीत. दोन भाकरी वाढवा, स्क्वॉट परत येईल.

जुना_गडी: ताकवाल्यांचा हिशोब बरोबर आहे, पण नुसती उपासमार असती तर बेंचही पडला असता. तो जागेवर आहे. धागाकर्त्याने ही नोंद ठेवली हे फार चांगलं केलं, कारण निदान तिथेच आहे. जे स्नायू धावतात तेच थकलेत.

ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट फक्त पायांची ताकद वाढवत होता, एक फक्त दमाचा व्यायाम, तिसरा दोन्ही. दहा आठवडे. दोन्ही करणाऱ्यांची ताकद सुमारे सात आठवडे फक्त ताकदवाल्या गटासारखीच वाढली, मग थबकली आणि शेवटी उतरली. मात्र त्यांचा डोस बघा: ताकदीचे पाच दिवस आणि दमाचे सहा दिवस, तेही चांगलंच जोर लावून. साध्या माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या कार्डिओला हे लागू करून "मसल जळतो" म्हणणं म्हणजे सापाच्या भीतीने दोरी ठेचणं. अलीकडे, २०२२ मध्ये, बरेच प्रयोग एकत्र ठेवून पाहिले तेव्हा स्नायूंची वाढ आणि कमाल ताकद दोन्ही जवळपास अबाधित दिसली. थोडा फटका बसतो तो स्फोटक (झटक्यात लावायच्या) ताकदीला, विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच वेळी उरकले तर.

तुझी गोची वेगळी. धावताना प्रत्येक पावलाला मांडी धक्का झेलते, ब्रेक लावते. दुसऱ्या दिवशी जे ठणकतं ते त्यानेच. सहा वर्षं न धावलेल्या पायांना थेट आठवड्याला ३० किमी! त्यात गुरुवारी पहाटे धावणं, रात्री स्क्वॉट. बुजुर्गांचं म्हणणं खोटं नाही, पण ते पोरवयापासून धावत होते, आणि त्यांच्या बैठकांना खांद्यावर १२० किलो नव्हते.

मी असतो तर धावणं थांबवून सायकल किंवा ट्रेडमिलवर चढाचं चालणं धरलं असतं. सायकलला धक्का नसतो. आठवड्यात तीनदा, ३५-४० मिनिटं, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच जोरात. ट्रेडमिलचा दांडा धरायचा नाही. धरलास तर चढ दांडाच चढतो. बुधवार-गुरुवार कार्डिओ नाही. एकाच दिवशी दोन्ही करावंच लागलं तर मध्ये सहा तास तरी ठेव, आणि ते नाही जमलं तर आधी वजनं, मग कार्डिओ. रिकाम्या पोटाचा हट्ट सोड. दिवसभराचं खाणं तेवढंच असेल तर चरबी त्याने जास्त उतरत नाही.

घामाघूम: गोळ्या नाकारल्यात त्याबद्दल दंडवत. क्लेनब्युटेरॉल डोपिंगच्या बंदी यादीत आहे, आणि त्याने हात थरथरतात, छातीत धडधड होते. माझ्या ओळखीतला एक जण रात्रभर नाडी मोजत बसला होता.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी): सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. धावणं बंद केलं. सोमवार, मंगळवार, शनिवार सायकल, खाणं २५०० वर. पहाटेचा गजर गेल्यामुळे पाऊण तास झोप फुकटात मिळाली, त्यामुळे श्रेय नक्की कुणाचं हे मला सांगता येणार नाही. वजन ७२.१. कालच्या गुरुवारी १२० ला ७ निघाले, आठवा अर्ध्यात अडकला. सर म्हणाले, "बघ, मी बोललो होतो ना." मी सायकलचं त्यांना सांगितलेलं नाही.

पुलावर अजून धाप लागते, पण आता फोन ठेवावा लागत नाही.

एक शंका राहिली: जिमच्या सायकलची सीट खाली घसरते, त्यामुळे गुडघे फार वाकतात आणि उजव्या वाटीपाशी दुखायला लागलंय. खिळ्याऐवजी कुणीतरी स्क्रूड्रायव्हर खुपसून ठेवलाय. सीट नेमकी किती उंच हवी?

जुना_गडी: पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. आणि तो स्क्रूड्रायव्हर आधी काढ बाबा.