पिनॅकल्सला मार्चअखेर: एका दिवसात फुलं आणि सुळके, आईला घेऊन

रानजाई

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेत राहतो. आई पहिल्यांदाच इकडे आली आहे आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत जाणार. तिने ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आल्यापासून रस्त्याच्या कडेला कुठलंही रानफूल दिसलं की खाली बसते आणि पर्समधून भिंग काढते. तिला एक अख्खा दिवस फक्त फुलांसाठी द्यायचा असं मी ठरवलंय.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पिनॅकल्स नॅशनल पार्क कसं वाटतं? नवऱ्याला तिथले खडकांचे उभे सुळके बघायचेत. आई ६७ वर्षांची आहे. चालते छान, पण उतारावर उजवा गुडघा दुखतो आणि उंच कड्यावरून खाली बघितलं की घाबरते. हाय पीक्सला, म्हणजे त्या सुळक्यांच्या माथ्यावर, तिला नेता येईल का? गुहा उघडी असते का? आणि नकाशावर दोन गेट दिसतात, त्यातलं कुठलं धरायचं?

कडेकपारी

पूर्वेच्या बाजूच्या बेअर गल्चहून काँडोर गल्च, तिथून हाय पीक्स आणि परत, हा फेरा ५.३ मैलांचा आणि चढ सुमारे १३०० फुटांचा. माझ्या मते कॅलिफोर्नियातला एक दिवसाचा सर्वात सुंदर ट्रेक! माथ्यावरच्या 'स्टीप अँड नॅरो' टप्प्यात १९३० च्या दशकात सीसीसीच्या (बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या) मुलांनी खडकात खोदलेल्या पायऱ्या आहेत, पाऊल जेमतेम मावेल एवढ्या. शेजारी लोखंडी कठडे. नवऱ्याला नक्की पाठवा. आईंना मात्र तिथे नेऊ नका. एका बाजूला दरी सतत दिसते.

वाटाड्या

रानजाई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी गेली चौदा वर्षं दर मार्चमध्ये पिनॅकल्सला जातो, त्यातली दोन वर्षं वडिलांबरोबर गेलो होतो. तेही तुमच्या आईसारखेच दर दहा पावलांवर थांबायचे.

आधी गेटचं सांगतो, कारण त्यात आमचा एक दिवस गेला आहे. पूर्वेचं गेट हॉलिस्टरवरून हायवे २५ ने, पश्चिमेचं हायवे १०१ वरच्या सोलेदादवरून. पार्कच्या आत या दोन बाजूंना जोडणारा गाडीरस्ता नाही. एके वर्षी आम्ही दोन गाड्यांनी निघालो. भाऊ फोनमध्ये नुसतं पार्कचं नाव टाकून पश्चिमेला पोचला, आम्ही पूर्वेला. आत फोनला रेंज नाही. दुपारी एकपर्यंत आम्ही वडिलांना सावलीत बसवून वाट बघत होतो. गाडीने वळसा घालायचा तर दीड तासाहून जास्त लागतो. तेव्हा तुम्ही पूर्वेचंच गेट धरा आणि थेट 'बेअर गल्च डे यूज एरिया' गाठा. वसंतातल्या शनिवार-रविवारी तिथलं पार्किंग सकाळीच भरतं, म्हणून शक्य असेल तर मधल्या वारी जा. गुहेची त्या दिवसाची स्थिती, नकाशे वगैरे सगळं घरूनच बघून, उतरवून घ्या.

आता आईंचं. त्यांना मोझेस स्प्रिंग ट्रेलने वर न्या आणि रिम ट्रेलने परत आणा. २.२ मैलांचा फेरा, चढ ५०० फूट. दीड तासात होतो असं लोक म्हणतील, तुम्ही चार तास ठेवा. खालचा भाग ओढ्याकाठचा, सावलीचा, ओलसर. तिथे निळी-जांभळी फिएस्टा फ्लॉवर्स दगडांवरून लोंबत असतात. त्यांच्या खोडाला बारीक उलटे काटे असतात, वेलीसारखी बाहीला चिकटतात. आईंना भिंगातून ते काटे दाखवा. शूटिंग स्टार या फुलाच्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि परागकोश चोचीसारखे पुढे. ते लवकर फुलतं, मार्चअखेर सरत आलेलं असेल, पण सावलीत एखादं सापडेल. भुंगा त्याला लोंबकळून पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवतो आणि त्या कंपनाने पराग झडतात. जवळ गेलात तर ती गुणगुण ऐकू येते. या एवढ्याशा पार्कात मधमाश्या आणि त्यांच्या भाऊबंद रानमाश्यांच्या चारशेच्या आसपास जाती नोंदल्या आहेत, तेव्हा एकाच झाडापाशी बसून कोण कोण येतंय ते बघण्यातही तास जाईल.

कॅलिफोर्निया पॉपी उघड्या उतारावर बघायची. ढगाळ असेल किंवा सकाळी लवकर पोचलात तर ती मिटलेलीच दिसेल, हिरमुसू नका, ऊन चढलं की उघडते. कळीवर हिरवी टोकदार टोपी असते आणि फुलताना पाकळ्या ती अख्खी ढकलून देतात. उन्हात उभं राहून एखादी टोपी पडताना बघायला मिळाली तर फार नशीब.

पण मला खरं सांगायचंय ते स्टिकी मंकीफ्लॉवरबद्दल. केशरी-पिवळसर फूल, पानं चिकट, खडकाच्या फटीतून वर आलेलं झुडूप. फुलाच्या तोंडाशी कुक्षीचे, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाचे, दोन पांढरे ओठ उघडे असतात. त्यांना गवताच्या वाळक्या काडीने अगदी हलका स्पर्श केला की डोळ्यांदेखत मिटतात. पराग मिळाला नसेल तर काही वेळाने पुन्हा उघडतात. माझ्या वडिलांनी हे पाहिलं आणि नंतर वाटेत कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. ज्यांनी आयुष्यभर मुलांना कुक्षी, पुंकेसर फळ्यावर काढून शिकवलं, त्यांना हे दाखवायलाच हवं. फूल तोडायचं मात्र नाही, नॅशनल पार्क आहे.

गुहेबद्दल: बेअर गल्चची गुहा म्हणजे पाण्याने कोरलेली नव्हे. अरुंद घळीत वरून प्रचंड धोंडे कोसळून अडकले, त्यांच्याखाली राहिलेली पोकळी म्हणजे ही गुहा. आत टाउनसेंड्स बिग-इअर्ड जातीची वटवाघळं पिल्लं वाढवतात, म्हणून साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत ती पूर्ण बंद असते. एरवी बहुतेक वेळ खालचा भाग उघडा, आणि पूर्ण गुहा वर्षातून थोडेच दिवस, बहुधा मार्च आणि ऑक्टोबरमध्ये. प्रत्येकाकडे टॉर्च हवा, फोनचा उजेड नको, एक हात मोकळा लागतो. वसंतात आत पाणीही असू शकतं. आईंच्या गुडघ्याला ते वाकणं जमणार नसेल तर रिम ट्रेलने गुहेत न शिरताच वरच्या तलावापर्यंत जाता येतं.

आणि सुळके बघायला सुळक्यांवर चढावं लागत नाही. काँडोर गल्चने साधारण एक मैल वर गेलं की एक ओव्हरलुक (देखावा बघायची जागा) आहे, तिथून हाय पीक्सची पूर्ण रांग समोर उभी राहते. आई तिथून परत फिरतील, नवरा पुढे जाईल. तुमच्यापैकी कोणीतरी आईंबरोबर थांबा.

मीनल_एस

वाटाड्या, किती आपुलकीने लिहिलंय! एकच भर घालते. फुलं बघताना माणूस वाट सोडून झुडपात शिरतो आणि तिथे पॉयझन ओक असतो. तीन-तीन पानांचा गुच्छ, वसंतात नवी पानं लालसर तकतकीत आणि दिसायला फार देखणी. आईंना नमुना म्हणून हात लावायचा मोह होईल, त्यांना आधीच सांगून ठेवा. माझ्या सासूबाईंच्या हातावर तीन आठवडे पुरळ होतं. घरी आल्यावर गोचिडीही तपासा. वाटेवर प्यायचं पाणी कुठेच नाही, पायथ्यालाच भरून घ्या.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पॉयझन ओकचे फोटो आईला दाखवले. वाटाड्या, काँडोर, ते प्रचंड मोठे दुर्मीळ पक्षी, दिसतील का? आणि नवरा विचारतोय, हे सुळके नेमके कशाचे आहेत? तिथे कुठला ज्वालामुखी होता?

वाटाड्या

ज्वालामुखी होता, पण तिथे नव्हता! हेच मला या जागेचं सर्वात आवडतं. हे खडक सुमारे २.३ कोटी वर्षांपूर्वीचे. तो ज्वालामुखी होता आजच्या लँकेस्टरजवळ, आग्नेयेला सुमारे १९५ मैलांवर. सॅन अँड्रियास फॉल्टने, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या सरकत्या भेगेने, त्याचे दोन तुकडे केले. पूर्वेकडचा तिथेच राहिला, त्याला नीनाच व्होल्कॅनिक्स म्हणतात. पश्चिमेकडचा वर्षाला काही सेंटीमीटर अशा चालीने वायव्येला सरकत इथवर आला. दोन्हीकडचे खडक आणि त्यांच्या थरांचा क्रम जुळतो, त्यावरूनच हे कळलं. जाताना हॉलिस्टरमध्ये कॅलाव्हेरस फॉल्टवरची एखादी गल्ली बघा, फुटपाथच्या कडा वाकलेल्या दिसतात. पुढे हायवे २५ बराच वेळ सॅन अँड्रियासच्याच खोऱ्यातून जातो.

वर गेल्यावर नवऱ्याला एखाद्या धोंड्याला नाक लावून बघायला सांगा. लांबून तो एकसंध वाटतो, जवळून दिसतं की वेगवेगळ्या आकाराचे टोकदार तुकडे राखेच्या गाऱ्यात बसवलेत. ही ब्रेशिया. मऊ भाग पावसाने झिजला, भेगा रुंदावल्या आणि उभे सुळके राहिले. त्यांच्यावरचे केशरी आणि पोपटी डाग म्हणजे दगडफूल, आईंचं भिंग तिथेही चालेल.

काँडोरची खात्री कोणी देऊ नये. १९८२ मध्ये जगात फक्त २२ उरले होते, १९८७ मध्ये शेवटचा रानटी पक्षी पकडून सगळे पिंजऱ्यात वाढवायला घेतले, आणि पिनॅकल्समध्ये २००३ पासून ते सोडले जातात. तिथे टर्की व्हल्चर गिधाडं भरपूर, त्यांना बघून लोक काँडोर म्हणून ओरडतात. गिधाड पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरतं आणि हवेत डुलतं. काँडोर पंख सपाट धरून अजिबात न डुलता जातो, पंखांचा पसारा साडेनऊ फुटी. पूर्ण वाढलेल्या काँडोरच्या पंखांखाली पुढच्या कडेला पांढरा त्रिकोण, पंखावर नंबराचा बिल्ला. सकाळी उशिरा, हवा तापायला लागली की सुळक्यांच्या वर नजर ठेवा.

रानजाई

काल जाऊन आलो. मंगळवार होता, साडेआठला पोचलो, पार्किंग मिळालं. गुहेचा खालचाच भाग उघडा होता. आई तोंडापर्यंत आली, टॉर्च मारून आत बघितलं आणि "तुम्ही जा, मी इथे बसते" म्हणाली. नवरा आत गेला, मी तिच्याजवळ थांबले. शूटिंग स्टार एकच मिळालं, तेही वाळत आलेलं. पॉपी भरपूर, दहानंतर उघडल्या.

ओव्हरलुकच्या अलीकडे एका खडकाच्या फटीत मंकीफ्लॉवर सापडलं. मी आईला आधी काही सांगितलं नव्हतं. नुसती काडी हातात दिली आणि "त्या पांढऱ्या ओठांना लाव" म्हटलं. तिने लावली. ओठ मिटले. ती म्हणाली, "लाजाळूच्या पानाचं शिकवलं होतं. फुलात हे असतं, माहीत नव्हतं." मग तिने घड्याळ बघितलं, वहीत वेळ लिहिली आणि फुलाखाली ओळखीसाठी एक खडा ठेवला. ओव्हरलुकवर आम्ही दीड तास बसलो. गिधाडं पुष्कळ दिसली, काँडोर नाही. नवरा पुढे सुळक्यांवर गेला. उतरताना ती गुडघा धरून हळूहळू चालत होती, पण त्या खड्यापाशी बरोबर थांबली. ओठ उघडले होते. वहीत दुसरी वेळ लिहिली आणि मला म्हणाली, पुन्हा लावू नकोस, त्याला राहू दे.