मदत हवी आहे: साडेसात वर्षांच्या मुलीला स्केटिंगच्या स्पर्धेच्या बॅचमधून काढू का?

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

माझी मुलगी दुसरीत आहे. आम्ही नाशिकला, इंदिरानगरमध्ये राहतो. दोन वर्षांपूर्वी तिच्या मावशीने वाढदिवसाला स्केट्स दिले आणि ही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फिरायला लागली. पडायची, गुडघे फुटायचे, परत उठायची. संध्याकाळी हाका मारून मारून घसा बसायचा, पण वर यायची नाही. एवढी आवड आहे तर नीट शिकू दे, म्हणून क्लास लावला. पहिलं वर्ष खरंच छान गेलं.

मग सरांनी तिला स्पर्धेच्या बॅचला घेतलं. आता आठवड्याचे सहा दिवस पहाटे साडेपाचला रिंकवर. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पहाटे काय थंडी असते ते इथल्यांना सांगायला नको. गार्ड बांधताना तिची बोटं इतकी गारठतात की वेल्क्रोसुद्धा तिला ओढता येत नाही. ज्यांचा वेळ वाढला त्यांना सगळ्यांसमोर उठाबशा. रडणाऱ्यांना पुढच्या स्पर्धेला नेणार नाही, असं सर सांगतात. कठड्यापाशी आम्ही आईवडील मोबाईलवर वेळ मोजत उभे. कोणाची मुलगी किती सेकंदांनी पुढे गेली हे क्लासच्या ग्रुपवर रोज येतं.

गेल्या महिन्यात स्पर्धेहून आल्यावर तिचा उजवा मोजा निघेना. कोमट पाण्यात पाय बुडवून हळूहळू सोडवला. टाचेवर मोठा फोड येऊन फुटला होता आणि मोजा त्याला चिकटला होता. कधीपासून दुखतंय विचारलं तर म्हणाली, "गुरुवारपासून." त्या दिवशी रविवार होता. तीन दिवस ती त्या पायावर पळाली आणि मला बोलली नाही, कारण सांगितलं तर रडले असं होईल. त्याच रात्री ग्रुपवर शर्यतीचा व्हिडिओ आला. त्यात एका बाईचा आवाज सगळ्यांत वर ऐकू येतोय, "मागे बघू नकोस, पळ!" तो माझाच होता. तेव्हापासून झोप लागत नाही मला.

सरांना भेटले. ते वाईट माणूस नाहीत, मुलांवर मेहनत घेतात. म्हणाले, "ताई, आत्ताच सवय लागली तर लागते. नंतर दहावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, नोकरीत आरक्षण आहे." अहो, पण दहावीला अजून आठ वर्षं आहेत! आणि सरकारच्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्येही बहुतेक खेळांत गट चौदा वर्षांखालील, सतरा आणि एकोणीस असे आहेत. साडेसात वर्षांच्या मुलीचा सेकंदांचा हिशोब आत्तापासून कशासाठी?

मिस्टरांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, नाशिकची मुलं अशीच पुढे आली, विदित गुजराथी लहानपणापासून स्पर्धा खेळला. ते खरंच आहे. बुद्धिबळात तसं होत असेल. पण कविता राऊत? सावरपाड्याच्या त्या मुलीला सात वर्षांची असताना कोणी स्टॉपवॉच लावून पळवलं नव्हतं, आणि तिने 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ आणलं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तर सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. हे मी मिस्टरांना सांगितलं. ते गप्प बसले, पण पटलं असं दिसलं नाही.

फोड दाखवायला आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हा त्यांनाही विचारलं. त्या म्हणाल्या, या वयात वेगवेगळे खेळ खेळू देत, आठवड्यातून एकदोन दिवस पूर्ण सुट्टी हवीच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2016 मध्ये हेच सांगितलंय, की बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाच्या मागे लागू नये. नॉर्वेचंही वाचलं. तिथे मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत निकालांची क्रमवारी लावतच नाहीत. आणि 2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त, 16 सुवर्णपदकं त्यांचीच. म्हणजे लहानपणी क्रमांक लावले नाहीत म्हणून तिथले खेळाडू काही मागे पडले नाहीत.

खेळाच्या विरोधात मी अजिबात नाही. हरणं तिला कळावं, हेही मला हवंय. पण परवा सुट्टी होती, मी म्हटलं, चल खाली पार्किंगमध्ये स्केटिंग करू. तर म्हणाली, "आज सुट्टी आहे ना? मग नको." हे ऐकून पोटात कालवलं माझ्या.

आता मला विचारायचंय ते असं. कोणी मुलांना स्पर्धेच्या बॅचमधून साध्या बॅचला परत आणलंय का? सरांना न दुखावता कसं सांगितलंत? मुलीला आपण हरलो म्हणून काढलं असं वाटू नये, यासाठी काय बोललात? तिची जिवलग मैत्रीण त्याच बॅचला आहे, तीही काळजी आहे. आणि सासऱ्यांनी तिची दोन पदकं हॉलमध्ये खिळ्याला लावलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. त्यांना कसं समजावू?

नाशिकमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांना नुसतं खेळू देणारा, वेळ न मोजणारा क्लास किंवा ग्रुप माहीत असेल तर जरूर सांगा. स्केटिंगच हवं असं नाही. लंगडी, खो-खो, पोहणं, काहीही चालेल. इंदिरानगरपासून गंगापूर रोडपर्यंत नेऊ शकते.

पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धा आहे आणि येत्या शनिवारपर्यंत तिचं नाव आणि फी द्यायची आहे. त्याआधी कोणी अनुभव लिहिलात तर फार मदत होईल.