प्रतिसाद: हंगेरीच्या संत एलिझाबेथचा सण, १७ की १९ नोव्हेंबर?

हंगेरीची राजकन्या संत एलिझाबेथ हिच्या सणाची १९ नोव्हेंबर ही तारीख चुकीची, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. ती चूक नाही. एलिझाबेथ वारली १७ नोव्हेंबर १२३१ ला, पुरलं १९ ला. रोमच्या दिनदर्शिकेत सण पूर्वी १९ ला होता, १९६९ च्या फेरबदलात तो १७ वर आला. जर्मनीत मात्र १९ च कायम आहे. त्यामुळे तिला जिथे पुरलं त्या मारबुर्गला जाणार असाल तर १९ धरा.

पोस्टमधल्या गुलाबांच्या चमत्काराबद्दल मात्र पूर्ण सहमत नाही. पदरातल्या पावांचे गुलाब झाले, ही कथा तिला संत ठरवण्यासाठी झालेल्या चौकशीतल्या तिच्या चार दासींच्या जबानीत नाहीच. हीच कथा पोर्तुगालच्या राणी एलिझाबेथबद्दलही सांगतात (सण ४ जुलै). पोर्तुगालची ही राणी म्हणजे हंगेरीच्या एलिझाबेथच्या सावत्र बहिणीची नात. म्हणून मूर्ती घेताना फक्त गुलाब बघून ठरवू नका, दोघींची गल्लत हमखास होते.

आणि हंगेरीच्या एलिझाबेथचं स्मरण करायचंच तर जर्मनीतल्या १२२६ च्या दुष्काळाचं करावं, ते इथे कुणी लिहिलेलं नाही. नवरा लुडविग इटलीत असताना तिने धान्याची कोठारं उघडली, वार्टबुर्ग किल्ल्याखाली २८ रुग्णांसाठी इस्पितळ काढलं. पीक तयार झाल्यावर धडधाकट माणसांना तिने विळे, सदरे आणि जोडे दिले. जोडे कशासाठी? कापणीनंतरचे धसकट अनवाणी पायांना टोचतात म्हणून! मला तिची खरी थोरवी या जोड्यांत दिसते. तिच्या सणाला पाव वाटताय तर वाटाच, पण सोबत कुणाला कामाची अवजारंही द्या.