टबातलं कमळ: तुमचे अनुभव इथे लिहा

मंडळी, हा धागा आपल्या देशी कमळासाठी. पान गोल, कुठेही चीर नाही, देठ पानाच्या मध्यात आणि मोठी पानं पाण्यावर उभी, ते कमळ. पान तरंगतं आणि देठापर्यंत चिरलेलं असतं ते कुमुद. दोघांची लागवड वेगळी, म्हणून कुमुदाबद्दल लिहिताना तसं स्पष्ट लिहा. टब केवढा, माती कुठली, खत किती, ऊन किती तास, बिघडलं काय आणि कशामुळे, एवढं आलं तर नवीन माणसाला उपयोग होईल. "छान फुलतं" एवढंच नको.

पुणे, गच्ची
टब गोलच घ्या. कंदाचे धावरे, म्हणजे चिखलात आडवे पसरणारे कोंब, भिंतीला धरून फिरतात. चौकोनी टबात कोपऱ्यात अडकतात आणि तिथेच कुजतात. मोठ्या जातीला २० ते २४ इंच व्यास आणि १२ इंच खोली लागते. छोट्या जातींना १४ इंचांचं घमेलं पुरतं. तळाला भोक नको.

माती काळी, चिकट. ढेकळं फोडून चार-पाच दिवस उन्हात वाळवा, खडे-मुळ्या काढा, मग टबात ६ इंचांपर्यंत भरून पाण्यात आठवडाभर भिजत ठेवा. तेवढ्यात ती बसते आणि तरंगणारा कचरा वर येतो, तो काढता येतो. कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, नर्सरीतली तयार 'पॉटिंग मिक्स' यांतलं काहीही नको. सगळं वर तरंगतं आणि पाणी चहासारखं होतं.

रत्नागिरी
आमच्याकडे काळी माती कुठून आणणार? जांभ्याची लाल माती एकटी वापरली तर कंद धरत नाही आणि पाणी कायम गढूळ राहतं. भाताच्या खाचरातला चिखल दोन भाग आणि लाल माती एक भाग, हे मिश्रण चांगलं बसतं. दुसरं म्हणजे पावसाची सोय. टबाच्या काठाखाली दोन इंचांवर पेन्सिलीएवढं भोक पाडून त्याला आतून जाळी लावा. नाहीतर जुलैत टब भरून वाहतो, त्यासोबत डासांसाठी सोडलेले मासे जातात आणि कोवळी पानं बुडून सडतात.

नाशिक (बियांबद्दल)
बियांचं कवच दगडासारखं असतं. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्यातलं सुमारे १३०० वर्षं जुनं बी रुजल्याची नोंद आहे, ते या कवचामुळेच. म्हणून नुसतं भिजत घालून काही होत नाही. बीच्या एका टोकाला बारीक टोचा असतो, दुसऱ्या टोकाला खळगी. खळगीची बाजू कानशीवर किंवा खरखरीत फरशीवर घासा. काळं-तपकिरी कवच संपून आतला पिवळट पांढरा गर टाचणीच्या डोक्याएवढा दिसला की थांबा. त्याहून खोल गेलात तर बी कुजतं.

मग काचेच्या ग्लासात कोमट पाणी, रोज बदलायचं. एका दिवसात बी फुगून जवळजवळ दुप्पट होतं. घासूनही दोन दिवस तरंगणारं बी टाकून द्या. २५ ते ३० अंश तापमानात चार ते सात दिवसांत हिरवा कोंब येतो. तीन-चार पानं आणि पांढरी मुळं दिसली की बी चिखलावर अलगद ठेवा, वर मातीचा पातळ थर. खोल गाडू नका.

बीपासून आलेलं झाड आईसारखंच फुलेल याची खात्री नसते, आणि फूल यायला एक-दोन वर्षं जातात. ऑनलाइन 'निळं कमळ', 'काळं कमळ' अशी पाकिटं मिळतात त्यावर पैसे घालवू नका. खऱ्या कमळात निळा रंग नाहीच. निळं असतं ते कुमुदाच्या कुळातलं.

सांगली
मंडईतली कमलकाकडी, म्हणजे कमळाचा कंद, लावली तर येईल का, असं बरेच विचारतात. बहुतेक वेळा नाही, कारण विकायला आणताना तिचा कोंब छाटलेला असतो. कोंब शाबूत असेल तरच प्रयत्न करा.

कंद बदलायची वेळ जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. पानं वाळून झाड सुप्तावस्थेत असतं तेव्हा. पाणी ओतून टाका, टब आडवा करून चिखलाचा गोळा बाहेर काढा आणि पाइपाच्या धारेने धुवा. हाताने ओढायचं नाही. कंदाचं टोक काडीसारखं कट्कन मोडतं आणि मोडलं की तो तुकडा वाया. दोन-तीन पेरं आणि एक जिवंत कोंब असा तुकडा धारदार चाकूने कापा. कापलेलं टोक पेराच्या गाठीवरच असावं; मधल्या पोकळ्या उघड्या राहिल्या की चिखल आत शिरून कुज सुरू होते.

लावताना तुकडा टबाच्या भिंतीला लागून आडवा ठेवा, कोंब मध्याकडे. मागचं टोक किंचित वर. वरून दोन इंच माती, पण कोंब उघडा. कंद हलका असतो, तरंगतो. म्हणून वर विटेचा तुकडा ठेवा. पाणी आधी मातीवर दोनच इंच. उथळ पाणी लवकर तापतं आणि कोंब पटकन फुटतो. उभी पानं आल्यावर चार-सहा इंचांपर्यंत वाढवा.

सोलापूर (खताबद्दल)
शेणखताबद्दल दोन मतं आहेत, माझं मत विरोधात. पूर्ण कुजलेलं, वास नसलेलं खत तळाशी एक इंच घालून वर पाच इंच माती असेल तर हरकत नाही. पण ताजं किंवा अर्धवट कुजलेलं घातलंत तर चिखलातून बुडबुडे येतात, सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि कंद काळा पडतो. नवख्या माणसाने शेणखत टाळावं. लावताना मूठभर हाडांचा चुरा तळाशी पुरेसा आहे.

पाच-सहा उभी पानं येईपर्यंत रासायनिक खत अजिबात नको. नंतर १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण) साधारण चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट बांधून बोटाने चिखलात चार इंच खोल दाबायचं. २० इंची टबात अशा दोन पुड्या, काठाजवळ, धावऱ्याच्या टोकापासून लांब. तीन-साडेतीन आठवड्यांनी पुन्हा. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ वरून टाकलं की ते झाडाआधी शेवाळाला मिळतं. पानांच्या कडा तपकिरी होऊन वळायला लागल्या तर खत जास्त झालंय. अर्धं पाणी बदला आणि महिनाभर हात आखडा. ऑक्टोबरनंतर खत बंद.

नागपूर
मे महिन्यात २० इंची टबातलं पाणी रोज एक-दीड सेंटिमीटर उतरतं, म्हणजे दोन-तीन लिटर. पानं भरली की आणखी. रोज संध्याकाळी भर घाला. दुपारी तापलेल्या टबात गार पाणी ओतू नका. काळ्या टबाला बाहेरून ओलं तागाचं पोतं गुंडाळलं की मुळाशी उष्णता कमी पोहोचते. कोरड्या वाऱ्याने पानांच्या कडा जळतात, तो रोग नाही. पश्चिमेला हिरवी जाळी उभी करा, डोक्यावर नको.

ठाणे, बाल्कनी
आधी वजनाचा हिशेब. २० इंची टबात ६ इंच ओली माती आणि ५ इंच पाणी म्हणजे ७५ ते ८० किलो. असे तीन टब पुढे काढलेल्या बाल्कनीच्या कठड्याशी ठेवू नका. घराच्या भिंतीकडे, तुळईवर ठेवा. मग ऊन मोजा. थेट सहा तास नसेल तर कमळाची फक्त पानं येतील. चार-पाच तास असेल तर कुमुद लावा. त्याचा कंद उभा लावायचा, वाढीचं टोक मातीच्या पातळीला. दिवसा फुलणारं निळसर कुमुद आणि रात्री उमलून दुसऱ्या दिवशी सकाळी मिटणारं कुमुद, यातलं तुम्ही घरी असता त्या वेळेचं निवडा.

डासांसाठी चार-पाच गप्पी मासे पुरतात. महापालिकेच्या मलेरिया विभागाकडे मागून पाहा. हिवाळ्यात पानं गेली तरी पाणी असतंच, तेव्हाही मासे हवेत. हे मासे ओढ्यात-तळ्यात मात्र सोडू नयेत.

फोंडा, गोवा
मावा देठावर आणि कळीच्या मानेवर बसतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, मासे खातात. कडुनिंबाचं तेल किंवा साबणाचं पाणी शक्यतो नको: पानावरचा मेणाचा थर जातो, उन्हात डाग पडतात, मासेही मरतात. अळ्यांची अंडी पानाखाली पुंजक्याने असतात, तेवढा भाग कापून टाका.

एक महत्त्वाचं: पिवळं पान कापताना देठ पाण्याच्या वरच कापा. देठ पोकळ असतो, कंदापर्यंत हवा त्यातूनच जाते. पाण्याखाली कापलात तर त्यातून पाणी कंदात शिरतं.

एडिसन, न्यू जर्सी
इथे थंडीत पाणी गोठतं आणि कंद गोठला की संपला. नोव्हेंबरमध्ये वाळलेली पानं कापून टब गॅरेजमध्ये ठेवायचा, माती ओली राहील इतपत पाणी. बाहेर काढायचा तो पाणी १५ अंशांच्या वर टिकायला लागल्यावरच. इथलं स्थानिक कमळ पिवळं आहे. आपलं गुलाबी इथे परकं, म्हणून टबाबाहेरच्या तळ्यात लावू नका.

पुणे, गच्ची (पुन्हा)
एक प्रश्न राहिलाच: कळी वाटाण्याएवढी होऊन काळी का पडते? बहुतेक वेळा कारण ऊन कमी पडणं हेच. जुलैतल्या ढगाळ आठवड्यांत हे होतंच, तेव्हा खत वाढवू नका. ऊन भरपूर असूनही होत असेल तर टब कंदाने गच्च भरलाय का, ते हात घालून पाहा. गच्च असेल तर फेब्रुवारीपर्यंत थांबा, भर मोसमात उपसलंत तर आहेत ती पानंही जातील.

बी धरायचं असेल तर पहिल्या दिवशीच हालचाल करा. त्या दिवशी फूल अर्धवट उघडतं आणि मधल्या पिवळ्या चकतीवरचे ठिपके ओले, चकचकीत असतात. पराग दुसऱ्या दिवशी सुटतो. म्हणून दुसऱ्या, एक दिवस जुन्या फुलाचा पराग ब्रशने आणून लावावा लागतो. चकती तपकिरी होऊन बिया आत खुळखुळल्या की काढा.