मदत हवी आहे: आईला ताप आहे, बीपीची गोळीही चालू आहे. कॉम्बिफ्लाम द्यावी का?

नमस्कार मंडळी,
आई ७१ वर्षांची, सोलापूरला दादाकडे असते. कालपासून ताप आहे, अंग मोडून आलंय, जेवण जात नाही. एरवी गुडघे दुखले की ती कॉम्बिफ्लाम घेते. आत्ताही तीच मागतेय, कारण सकाळच्या डोलो ६५० ने अंगदुखी थांबली नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली गोळी रोज असते, शिवाय ॲस्पिरिन ७५. गल्लीत दोघा-तिघांना डेंग्यू निघालाय, म्हणून धाकधूक वाटते. डॉक्टर संध्याकाळी भेटतील. तोवर दुधाबरोबर दिली तर चालेल का?

प्रतिसाद:
ताई, मी फार्मासिस्ट आहे. तोवर कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका, दुधाबरोबरही नाही.

पट्टीच्या मागे बघा: आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ. पॅरासिटामॉल डोलोतही आहेच. पण खरी भीती आयबुप्रोफेनची. डेंग्यूत प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) उतरतात आणि हे औषध उरलेल्यांचंही काम मंदावतं, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ॲस्पिरिनमुळे तो धोका आणखी वाढतो. दूध किंवा जेवणाने पोटातली जळजळ जरा कमी वाटेल एवढंच. त्यात त्यांच्या बीपीच्या गोळीतली दोन्ही औषधं आणि आयबुप्रोफेन एकत्र आली, वर तापात पाणी कमी पडलं, की किडनीवर एकदम ताण येतो. दुकानात पट्टी मागितली की कुणी हे विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सध्या फक्त डोलो ६५०, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास. लिव्हरचा आजार असेल तर तीही विचारूनच. ओआरएस, पेज, ताक थोडं थोडं पाजत राहा. ॲस्पिरिन आणि बीपीची गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना आत्ताच फोनवर विचारा. एनएस१ (डेंग्यूची रक्तचाचणी) आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, यात प्लेटलेटही कळतात) आजच करून घ्या.

पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, लघवी कमी होणं किंवा गुंगी, यातलं काहीही दिसलं तर संध्याकाळची वाट बघू नका. ताप उतरल्यावरही दोन दिवस लक्ष ठेवा, डेंग्यू बऱ्याचदा तेव्हाच बिघडतो.

धागाकर्ती:
दादाला फोन केला, पट्टी बाजूला ठेवलीय. बरं झाल्यावर गुडघ्यांसाठी काय?

प्रतिसाद:
आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) तपासा. मग डॉक्टरांना विचारून, कॉम्बिफ्लामऐवजी गुडघ्यांवर लावायचं जेल चालेल का ते ठरवा.